वरच्यांची अमेरिका

आमच्या वरच्या खोलीत एक चित्रकार भाड्यानं राहत होते. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. घरात आम्ही त्यांना 'वरचे' म्हणायचो. वरचे आले, वरचे गेले, वरच्यांच्या नळाला पाणी चढत नाही. माणसाला त्याच्या जागेवरून नाव दिलं की फार जवळ जावं लागत नाही. आणि मला त्यांच्या जवळ जायचं नव्हतं. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

ते अमेरिकेची चित्रं काढायचे. उंच इमारतींची नव्हे. जुन्या, धुळीच्या, पश्चिमेकडच्या अमेरिकेची. मोठ्या काठाची टोपी, कमरेला बंदूक, खाली घोडा. काऊबॉय म्हणतात त्यांना. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ह्यांना विचारलं, "म्हणजे काय हो?"

"गुराखी," हे म्हणाले.

"मग गुराख्याला बंदूक कशाला?"

हे उत्तर देतच नसत. सैन्यातून हवालदार होऊन सुटले, मग मानेसरला एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला होते, मग गुडघे गेले आणि घरी बसले. आमचं घर दिल्लीत, द्वारका उपनगराच्या मागच्या वस्तीत आहे. विमानं इतकी खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. आमच्या घरात थांबवण्यासारखं बोलणं फारसं नव्हतं.

वरचे अमेरिकेला कधी गेले नव्हते. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. सामान चढवायच्या दिवशी ह्यांनी विचारलं, "तिकडं बरीच वर्षं होता का?"

"छे, कधीच गेलो नाही, हवालदारसाहेब. जे गेले ते सगळे एकसारखं काढतात. मी गेलो नाही म्हणून मला अजून दिसते."

मी दाराआड उभी होते. मनात म्हटलं, झालं. न पाहिलेलं विकणारा माणूस घरात घेतला.

त्यांची अमेरिका मग हळूहळू मला दिसत गेली. दार उघडं असलं की जिन्यावरून एखादा तुकडा दिसे. त्या अमेरिकेत कीकराची, म्हणजे आपल्या बाभळीची, झाडं होती. घोडे विजेच्या खांबाला बांधलेले होते. एका चित्रात काऊबॉय खाटेवर बसून बूट काढत होता आणि मागं म्हैस बसली होती. म्हैस आमच्या समोरच्या चौधरणीची. तिचं एक शिंग खाली वळलेलं आहे, ते तसंच होतं.

चौधरीण हरियाणाची, आवाजानं मोठी. ती गल्लीतूनच विचारायची, "भाभीजी, ये ऊपरवाला करता क्या है सारा दिन?"

"चित्रं बनाते हैं."

"वो तो ठीक है. काम क्या करता है?"

मला सांगता यायचं नाही. परक्या माणसांसमोर माझी जीभ उचलत नाही, हिंदीत तर मुळीच नाही. पण तिचा प्रश्न मला पटायचा.

वरचे जन्मापासून दिल्लीतच वाढलेले. वडील सरकारी कचेरीत होते. मराठी बोलायचे, पण मध्येच शब्द संपायचा आणि ते हिंदीवर जायचे. जिन्यात कधी गाठलं तर मला विचारत, "वहिनी, जनावराला धरून नेतात ती रस्सी, तिला काय म्हणतात आपल्यात?"

मी खाली बघून सांगायची, "कासरा."

"अच्छा. कासरा. बिल्कुल विसरलो होतो." आणि तोच शब्द तोंडात घोळवत वर जायचे. मला वाटायचं, आपल्या घरातली एक वस्तू उचलून नेली. वाटण्यापुरतंच नव्हतं ते. माझी एक गोधडी होती. तिच्यात माझ्या वडिलांच्या पटक्याचा तांबडा तुकडा लावलेला आहे, कोपऱ्यात, तिरका. गच्चीच्या कठड्यावर ती मी उन्हाला टाकायची. एकदा वरच्यांनी ह्यांना मोबाइलवर त्यांचं विकलं गेलेलं चित्र दाखवलं. हे मला दाखवायला आले. काऊबॉयच्या खोगिराखाली माझी गोधडी. तांबडा तुकडा तिरका, कोपऱ्यात.

मी ह्यांना म्हटलं, "विचारा त्यांना, न विचारता का घेतली?"

हे गेले आणि परत आले. म्हणाले, "ते म्हणतात, तिकडंही थंडी असते ना."

माझ्या वडिलांचा पटका कुणा अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात लागला होता आणि मला एवढंच उत्तर मिळालं. त्यानंतर मी गोधडी घरात, पंख्याखाली वाळवू लागले.

संक्रांतीच्या सुमाराला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात. एका वर्षी वरचेही आले. सगळ्यांनी स्मारकाला हार घातले, पोवाडा झाला, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. वरचे स्मारकाकडं पाठ करून उभे. समोर नुसतं शेत होतं आणि त्यावर मळकं आभाळ. ते आभाळच बघत बसले आणि मांडीवर कागद घेऊन काहीतरी ओढत राहिले. मंडळाचे एक काका चिडून म्हणाले, "अहो, इकडं लाखभर माणूस पडलं, तुम्ही तिकडं काय बघताय?"

"पडताना त्यांनी तेच पाहिलं असेल ना, काका," वरचे म्हणाले.

बसमध्ये बायका म्हणाल्या, किती खोल बोलले. मला काही खोल वाटलं नाही. कारण होळीच्या आधी तेच आभाळ मी वरच्यांच्या चित्रात पाहिलं, काऊबॉयच्या डोक्यावर. हुतात्म्यांसाठी म्हणून बघितलं आणि गुराख्यांसाठी वापरलं.

आता घोडीचं सांगते, कारण तिच्यापासून पुढचं सगळं झालं.

एका सकाळी फाटकाला पांढरी घोडी बांधलेली. वरातीची असते तसली. तिचा साज, घुंगरं, छत्री सगळं काढून जिन्यात ठेवलेलं. वरच्यांनी ती घोडीवाल्याकडून दिवसभरासाठी आणली होती आणि घोडीवाल्याला, घरी जा, संध्याकाळी ये, म्हणून सांगितलं होतं. चौधरीण दारात आली. "भाभीजी, किसकी शादी है? हमें बताया भी नहीं."

मी काय सांगणार. तोवर घोडीनं माझा कढीपत्ता खाल्ला होता. वरचे लांब गच्चीत उभे राहून ओरडत होते, "तिला जरा उन्हात घ्या ना कोणीतरी." स्वतः खाली यायला तयार नाहीत. जन्मभर घोडे काढणारा माणूस घोड्याला भीत होता.

तेव्हा हे खुर्चीतून उठले. गुडघे धरून पायऱ्या उतरले. घोडीच्या समोरून नाही, बाजूनं गेले. मानेवर हात ठेवला, तो खाली पायापर्यंत आणला, आणि घोडीनं आपण होऊन खूर उचलून त्यांच्या हातात दिला. हे तिच्याशी काहीतरी बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही. पण ओठ हलत होते, बराच वेळ. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्यांना एका दमात इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

मग ह्यांनी दोर सोडून हाताला गुंडाळला, डाव्या तळहाताला, दोन वेढे, आणि घोडीला उन्हात नेलं.

ती ह्यांची सवय होती. गावाकडं विहिरीचा दोर, इथं कपड्यांची दोरी, पिशवीचे बंद, जे हातात येईल ते डाव्या हाताला गुंडाळायचं. इतकं घट्ट की बोटं काळीनिळी व्हायची. मी सतत ओरडायची, हात सोडवा, रक्त थांबेल. सासूबाई म्हणायच्या, लहानपणी नव्हता असा, पलटणीतून शिकून आला.

वरचे गच्चीतून ह्यांच्याकडं बघत होते. घोडीकडं नाही. कागद हातात होता, पण काढत नव्हते. गोधडीकडंही असंच बघितलं असणार त्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी हे वर जाऊ लागले. गुडघे दुखत असताना, कठडा धरून. मला आधी बाटलीचा संशय आला. हे पूर्वी घ्यायचे. कँटीनची रम मिळायची आणि ती पोटात गेली की हे भिंतीकडं तोंड करून बसायचे, ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत, नुसते भिंत बघायचे. मोठ्या कष्टानं सुटली होती. म्हणून खाली आले की मी पाणी देण्याच्या निमित्तानं जवळ जायची. वास यायचा तो टर्पेंटाइनचा. रंगाचा. शर्टाला, केसांनाही. बाटली नव्हती. पण मग वर काय होतं?

विचारलं तर म्हणायचे, "बसतो. ते काढतात."

"तुम्हाला काढतात?"

"टोपी घालून."

एक दिवस मी पोहे केले आणि बशी घेऊन जिना चढले. कुणालाही पोहे नको होते, मला ठाऊक होतं. जिन्याला जिथं वळण आहे तिथं थांबले. आतून ह्यांचा आवाज येत होता. मी आधी ओळखलाच नाही. वाटलं दुसरं कोणी आलंय.

हे सांगत होते, बर्फातली वाट होती. एका अंगाला कडा. खेचरांवर रॉकेलचे डबे. प्रत्येकाच्या हातात आपापलं खेचर. "शिकवतात आधीच, कासरा हाताला गुंडाळायचा नाही. मुठीत धरायचा. जनावर गेलं तर माणूस जाऊ नये म्हणून."

"अच्छा," वरचे म्हणाले. ब्रशाचा आवाज थांबला नव्हता.

"माझ्या खेचराचा मागचा पाय निसटला. माझ्याकडं बघितलं त्यानं. कासरा मुठीत होता. मग नव्हता."

वरून विमान गेलं. मग हे म्हणाले, "सुटला का सोडला, ते मला अजून कळलं नाही."

मी पोहे घेऊन तशीच खाली आले. ओट्यापाशी उभी राहिले. कपड्यांची दोरी, विहिरीचा दोर, सगळं डोळ्यांसमोर आलं. इतकी वर्षं मी म्हणत होते, हात सोडवा.

आणि ही गोष्ट ह्यांनी मला नाही, वरच्यांना सांगितली. टोपी घालून बसलेले असताना, ब्रश चालू असताना. मला रडू आलं नाही, राग आला. राग ह्यांचा नव्हता. तो माणूस आता ह्याचं काय करणार, याचा होता. गोधडी घेतली, म्हैस घेतली, पानिपतचं आभाळ घेतलं. त्याच्या हातातून काही परत येत नव्हतं. हे माझ्या नवऱ्याच्या काळजातलं होतं. तेही कुणाच्या दिवाणखान्यात लागणार होतं.

पुढं काही दिवस मी टपून होते. वरचे हिंडायला गेले की खोलीला कुलूप लावायचे. एकदा हे आणि ते शेअर ऑटोनं मानेसरच्या पुढच्या टेकड्या बघायला गेले. आले तेव्हा दोघं धुळीनं माखलेले. हे हसत होते. मला ते हसूही संशयाचंच वाटलं. आधी माणसाला हसवतात, मग घेतात.

शेवटी मीच वर गेले. दार उघडं होतं, हे खाली झोपले होते. वरचे एका भल्यामोठ्या चित्रासमोर उभे. मी पदर घट्ट धरून उंबऱ्यात उभी राहिले.

"या ना, वहिनी. बघा."

चित्रात कडा होता. दगड मानेसरच्या टेकड्यांचे, आभाळ पानिपतचं. वाटेवर एक माणूस, पाठमोरा, मोठ्या काठाची टोपी घातलेला. पाठ ह्यांची. डावा खांदा थोडा उतरलेला. डाव्या हाताला कासरा, दोन वेढे. आणि कासऱ्याच्या टोकाला, त्याच्या मागं, खेचर. अंगावर माझी गोधडी. चारही पाय वाटेवर.

मी त्यांच्याशी आपण होऊन कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "हे असं झालं नाही."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मी ऐकलं होतं हे त्यांना कळलं असावं. "माहीत आहे, वहिनी."

"मग खोटं का काढलंत?"

"माझं सगळंच खोटं असतं. तुम्हाला आज टोचलं."

"हे विकणार?"

"हो. लोक न्यायला येतील. जागा ठरली आहे, प्रदर्शन आहे."

"हे नाही जाणार," मी म्हटलं. "टोपी घातली म्हणून ते दुसरे होत नाहीत. हात ह्यांचा आहे."

वरच्यांनी हात फडक्याला पुसला. मग म्हणाले, "हात त्यांचा आहे. मग त्यांनी नाही म्हटलं तर नाही नेणार."

हे मला फार सोयीचं उत्तर वाटलं. हे कुणालाच नाही म्हणत नसत. वरच्यांना ते माहीत होतं.

टेम्पो आला त्या सकाळी मी जिन्याच्या तळाशी उभी राहिले. दोन माणसं चित्र घेऊन उतरत होती आणि मी हलले नाही. मागून वरचे. चौधरीण दारात येऊन बघायला लागली. ती माणसं म्हणाली, "आंटी, साइड." मी कठडा धरला.

हे आतून आले. मला बघितलं, चित्राला बघितलं. मला वाटलं होतं त्यांनी ते रोज बघितलं असेल. तसं नव्हतं. वरच्यांनी चित्राचं तोंड नेहमी स्वतःकडं ठेवलं होतं. बसणाऱ्याला दिसू द्यायचं नाही, अशी त्यांची रीत. हे पहिल्यांदाच बघत होते.

माणसांनी चित्र पायरीवर टेकवलं. हे वाकले. आधी खेचराचे पाय बघितले, एकेक. मग पाठ.

"ओझं नाही याच्यावर," हे म्हणाले.

"नाही ठेवलं," वरचे म्हणाले.

"डबे कुठं गेले?"

"माझ्या अमेरिकेत रॉकेल लागत नाही, हवालदारसाहेब."

हे हसले नाहीत. बोटांनी चित्रातल्या कासऱ्याजवळ हवेतच रेघ ओढली, हात लावला नाही. मग सरळ झाले आणि मला म्हणाले, "जाऊ दे त्याला."

"कुणाला?"

"त्याला. लांब जाऊ दे. चांगला चालतोय."

मी बाजूला झाले. चौधरीण म्हणाली, "भाभीजी, खच्चर तो सुंदर बनाया है." टेम्पो गेला.

पण वरचे गेले नाहीत. ते दारात उभे राहिले आणि तेव्हा मला त्यांचं खरं काय ते दिसलं, असं मला आजही वाटतं. त्यांच्या चेहऱ्यावर भूक होती. म्हणाले, "वहिनी, एकच राहिलं. नाव. चित्राखाली त्या खेचराचं नाव लिहायचं आहे. हवालदारसाहेब सांगत नाहीत. म्हणतात, नंबर होता फक्त. पण नाव ठेवलं असणार ना? तुम्हाला तर सांगितलं असेल."

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. इतके महिने मी त्यांच्याकडं जसं बघत होते, अगदी तसं. मला बरं वाटलं.

चित्र बिननावाचंच लागलं. वरचे पुढं गुडगावकडं मोठी जागा घेऊन गेले. जाताना मोठ्या काठाची टोपी ह्यांच्यासाठी ठेवून गेले, आणि जिन्यावर रंगाचे डाग, ते अजून निघालेले नाहीत. जाताना मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला कधीच मानलं नाहीत." मी खाली बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं.

त्यांनी ह्यांच्यासाठी केलं की चित्रासाठी, हे मला कळलेलं नाही. ओझं उतरवलं ते दयेनं, की गोधडी नीट दिसावी म्हणून? त्यांना विचारलं असतं तर काहीतरी छान उत्तर दिलं असतं. म्हणून विचारलं नाही.

ते गेल्यावरच्या थंडीत आम्ही दोघं गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. दोरी सैल झाली होती, हे ओढून बांधत होते. हाताला दोन वेढे घेतले. नेहमीसारखं माझ्या तोंडात आलं होतं, हात सोडवा. मी म्हटलं नाही. जवळ गेले आणि दोरीचं मोकळं टोक मी धरलं, मुठीत. म्हटलं, "मी धरलंय."

ह्यांनी माझ्या मुठीकडं बघितलं. विमान गेलं. ते गेल्यावर ह्यांनी एक नाव घेतलं. छोटंसं, लाडाचं, आमच्या गावाकडं पहिल्या लेकराला हाक मारतात तसं. मग दुसरा कपडा उचलला.

वरच्यांचा अजून कधीमधी फोन येतो. ते चित्र परत प्रदर्शनाला लागायचं असलं की येतोच. ह्यांची तब्येत विचारतात, म्हशीची विचारतात, आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, "वहिनी, नाव कळलं का हो कधी?"

"नाही," मी म्हणते.

मला माहीत आहे. इथं मात्र लिहीत नाही. कागद कुणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.